'यात देश कुठे आहे?'

पत्राचा सारांश: पत्रलेखिका एका कला महाविद्यालयात शिकवतात. वार्षिक प्रदर्शनाचा यंदाचा विषय आहे 'राष्ट्र आणि संस्कृती'. शेवटच्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीने ९० × १२० सेंटिमीटरच्या कॅनव्हासवर अ‍ॅक्रिलिक रंगांत करड्या चौकोनांची जाळी रंगवली आहे. आडवे बारा, उभे सोळा, एकूण १९२ चौकोन. त्यांतले सात कोरे. करडा रंग काळ्यापासून केलेला नाही, निळ्यात तपकिरी मिसळून केलेला आहे. चित्राचं नाव 'हजेरी'. निवड समिती पाच जणांची. सगळ्यांना चित्राचा फोटो फोनवर पाठवला होता. तिघांचं म्हणणं, "यात देश कुठे आहे? हे काढा." चौथ्यांचा तोडगा, कोपऱ्यात झेंडा किंवा नकाशा आला तर हरकत नाही. पाचव्या स्वतः पत्रलेखिका. "कला स्वायत्त असते, तिला देशाशी काही देणंघेणं नसतं," असं त्यांनी ठणकावलं आणि बैठक चिडाचिडीत संपली. विद्यार्थिनी म्हणते, "काढलंत तरी चालेल, पण मी त्यात काही घालणार नाही." आठ दिवसांनी पुन्हा बैठक आहे. प्रश्न दोन: कला राष्ट्राचं काही देणं लागते का? आणि बैठकीत मी काय बोलू?

उत्तर:

तत्त्वज्ञानाकडे वळण्याआधी एक रोकडा प्रश्न विचारते. समितीतल्या किती जणांनी मूळ चित्र पाहिलं आहे? फोटोचा उल्लेख तुम्ही पत्रात ओझरता केला आहे, पण माझ्या मते निम्मं बिघडलं ते तिथेच.

तुमच्या विद्यार्थिनीचा करडा रंग अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी यांच्या मिश्रणातून आला असावा. तुम्ही केलेल्या वर्णनावरून तसंच दिसतं. निळा जरा वरचढ झाला की हा करडा थंड, ढगाळ होतो. सिएना वरचढ झाला की तोच मातकट आणि उबदार. दोन चौकोन सुटे पाहिले तर सारखेच वाटतील. शेजारीशेजारी आले की एक निळसर आणि दुसरा पिवळट दिसू लागतो. पॅरिसच्या गोब्लँ कारखान्यात, जिथे भिंतीवर टांगायचे चित्रांचे पडदे विणले जात, काळा धागा फिका पडतो अशी तक्रार होती. शेव्हरल या रसायनशास्त्रज्ञाने तपास केला तेव्हा धाग्यात खोट निघाली नाही. शेजारचे रंग त्याला फिकं पाडत होते. त्याचा त्यावरचा ग्रंथ १८३९ चा. या चित्राचा सगळा खेळ याच शेजारधर्मावर उभा आहे.

आता फोन काय करतो ते पाहा. कॅमेऱ्यातलं आपोआप चालणारं श्वेतसंतुलन (व्हाइट बॅलन्स) चित्रातल्या रंगछटेची सरासरी तटस्थ करड्याकडे ओढतं. सगळं चित्रच करडं असेल तर थंड-उबदार हा फरक त्याला 'चूक' वाटतो आणि तो ती दुरुस्त करायला जातो. मग तो फोटो संदेशातून पाठवताना दाबून लहान केला जातो, आणि या दाबण्यात उजेड-अंधाराचे तपशील जपले जातात, रंगाचे आधी टाकले जातात. म्हणजे ज्या गोष्टीसाठी हे चित्र आहे तीच गोष्ट दोनदा गाळून समितीपुढे गेली. तिघांनी पाहिला तो सिमेंटचा पत्रा. त्यात देश दिसला नाही याचं नवल नाही. चित्रही दिसलं नव्हतं.

तेव्हा पहिलं काम: बैठक चित्रासमोर घ्या. उत्तरेकडची खिडकी असेल तर तिच्या उजेडात, थेट ऊन पडू न देता. चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंटिमीटरवर यावा, म्हणजे सरासरी उंचीच्या माणसाच्या डोळ्यांसमोर. ट्यूबलाइटचा आणि खिडकीचा उजेड एकत्र करू नका, नाहीतर करड्याच्या छटांत घोळ होतो. दहा मिनिटं कुणी बोलायचं नाही: पाच मिनिटं अडीच-तीन मीटरवरून, पाच मिनिटं हाताच्या अंतरावरून. दहा मिनिटं फार वाटतात, मला ठाऊक आहे. चौथ्या मिनिटाला माणसं घड्याळाकडे बघतात आणि सहाव्याला पुन्हा चित्राकडे बघू लागतात. ते सहावं मिनिट मिळावं म्हणून दहा ठेवायची.

हे झाल्यावरही ते तिघं म्हणू शकतात, "छटा दिसल्या, छान आहेत, पण देश?" आणि प्रश्न रास्तच आहे, प्रदर्शनाचा विषयच तो आहे.

त्या प्रश्नाच्या पोटात एक गृहीतक आहे: कलाकृती राष्ट्राची ठरते ती तिच्यात राष्ट्र काढलेलं असतं म्हणून. झेंडा, नकाशा, सैनिक, नांगर. हा मापदंड जरा लावून पाहू. जपानी चित्रकार होकुसाईची ती प्रचंड लाट, १८३१ च्या सुमाराची, लाकडी ठशांवरून छापलेली. जपान म्हटलं की आज जगाच्या डोळ्यांपुढे तीच येते. तिच्यातला निळा म्हणजे प्रशियन ब्लू, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये सापडलेला आणि पुढे जपानात आयात झालेला. पुढे अजस्र लाट आणि मागे चिमुकला फुजी पर्वत ही दूर-जवळची मांडणीसुद्धा युरोपीय यथार्थदर्शनाशी ओळख झाल्यानंतरची. अवनींद्रनाथ टागोरांचं १९०५ चं 'भारतमाता' घ्या. चार हातांत पोथी, भाताच्या लोंब्या, पांढरं वस्त्र आणि जपमाळ. स्वदेशीच्या काळातलं याहून 'राष्ट्रीय' चित्र शोधून सापडणार नाही. पण त्यातला तो धूसर, पाण्याने पुन्हा पुन्हा धुऊन आणलेला जलरंग त्यांनी जपानी चित्रकारांचं काम पाहून आत्मसात केला. योकोयामा ताइकान आणि हिशिदा शुन्सो १९०३ मध्ये कलकत्त्यात आले होते. त्याच्या थोडं आधी राजा रविवर्मांनी तैलरंगातल्या देवदेवता घरोघरच्या भिंतींवर पोचवल्या होत्या. पुढच्या पिढीच्या स्वदेशीवादी टीकाकारांना त्याच देवता परक्या वळणाच्या, नाटकी वाटल्या. एका पिढीचं देशी ते दुसरीचं विदेशी, हा प्रकार सगळीकडे चालत आला आहे. रंग, हत्यार, पद्धत कुठूनही येते. चित्र घरचं होतं ते नंतर, लोकांच्या वापराने.

वापराने म्हणजे कसं, यासाठी एक उदाहरण बैठकीत जरूर सांगा, आणि घाई न करता सांगा. वॉशिंग्टनमधलं व्हिएतनाम युद्धातल्या सैनिकांचं स्मारक. १९८१ मध्ये त्यासाठी खुली स्पर्धा झाली. १४२१ आराखडे आले, नावं झाकून, नुसत्या क्रमांकांनी. अटी आधीच लिहून ठेवलेल्या होत्या: स्मारक चिंतनशील असावं, आसपासच्या जागेशी सुसंगत असावं, सर्व मृत आणि बेपत्ता सैनिकांची नावं त्यावर असावीत, आणि युद्धाबद्दल कुठलंही राजकीय विधान त्यात नसावं. निवडला गेला तो क्रमांक १०२६. माया लिन या २१ वर्षांच्या विद्यार्थिनीचा. झेंडा नाही, पुतळा नाही, बंदूक नाही. काळ्या, आरशासारख्या घासलेल्या ग्रॅनाइटच्या दोन भिंती, प्रत्येकी सुमारे ७५ मीटर लांब. टोकाला जमिनीलगत, आणि जिथे त्या एकमेकींना मिळतात तिथे तीन मीटरहून थोड्या उंच. त्यांवर ५८,००० च्या आसपास नावं. हुद्द्याप्रमाणे लावलेली नाहीत, वर्णानुक्रमानेही नाहीत; मृत्यूच्या तारखेप्रमाणे आहेत. पहिलं नाव मधल्या कोपऱ्यापाशी सुरू होतं, यादी उजव्या भिंतीच्या टोकाला जाते, डाव्या भिंतीच्या टोकापासून पुन्हा सुरू होते आणि शेवटचं नाव पहिल्याच्या शेजारी येऊन थांबतं. नाव शोधायचं तर तारीख माहीत हवी, नाहीतर सूचीत पाहावं लागतं. दगड चकचकीत असल्याने नाव वाचताना स्वतःचा चेहरा त्याच अक्षरांत दिसतो. लोक त्यावर कागद धरून पेन्सिल घासतात आणि नाव घरी नेतात.

गदारोळ झालाच. 'लाजेची काळी भेग' असं तिला हिणवलं गेलं. झेंडा आणि पुतळा हवाच असा आग्रह धरला गेला, तोही थेट भिंतींच्या मधोमध. शेवटी तडजोड झाली: तीन सैनिकांचा पुतळा १९८४ मध्ये बसला, झेंड्याची काठीही आली, पण भिंतीपासून बाजूला, वाटेच्या तोंडाशी. भिंतीला कुणी हात लावला नाही. ही तडजोड तुमच्या चौथ्या सदस्यांसाठी लक्षात ठेवा, तिच्याकडे पुन्हा येऊ.

इथपर्यंत तुम्ही मान डोलावत असाल. आता तुमची पाळी.

'कला स्वायत्त असते' हे वाक्य तुम्ही ढालीसारखं पुढे केलंत, आणि ढालीचं जे होतं तेच झालं: समोरच्यांनी वार आणखी जोरात केले. मराठीत फडके-खांडेकरांच्या नावाने चालत आलेला 'कलेसाठी कला की जीवनासाठी कला' हा वाद आपण शाळेच्या निबंधापासून दोन रकान्यांत पाठ केला आहे, म्हणून बैठकीत बसलं की माणूस आपोआप एका रकान्यात जाऊन बसतो. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसा' या १९७४ च्या ग्रंथात यावर फार उपयोगी गोष्ट केली. कलेच्या कल्पनेलाच दोन ध्रुव आहेत, कलेला जगण्याशी जोडणारा लौकिकतावादी आणि तिला त्यापासून वेगळी मानणारा अलौकिकतावादी, आणि एकच धरून बसलं की कलेबद्दल आपण खरोखर जे बोलतो त्यातलं निम्मं निसटतं, असं त्यांच्या मांडणीचं सार सांगता येईल. तुम्ही स्वतःच पाहा. चित्राचं नाव 'हजेरी' आहे. जाळी समान घरांची आहे. सात घरं कोरी आहेत. हे सगळं जगाशी, माणसांच्या मोजदादीशी बोलतं आहे. त्याला 'देशाशी काही देणंघेणं नाही' म्हणणं हा विद्यार्थिनीवरही अन्यायच आहे, समितीच्या उलट बाजूने केलेला. शिवाय सार्वजनिक भिंतीवर, सगळ्यांच्या पैशाने, एका जाहीर विषयाखाली चित्र लावायचं आणि वर 'तुमचा संबंध नाही' म्हणायचं, हे बघणाऱ्याला अपमानास्पद वाटलं तर चूक त्याची नाही.

स्वायत्ततेपेक्षा कामाचा भेद आर. जी. कॉलिंगवुड या इंग्रज तत्त्वज्ञाने १९३८ मध्ये मांडला आहे. कलेच्या नावाखाली आपण जे ठेवतो त्यात तीन वेगळ्या गोष्टी आहेत असं तो म्हणतो. एक करमणूक: भावना चेतवायची आणि तिथल्या तिथे खर्चून टाकायची. दुसरीला तो 'जादू' म्हणतो: भावना चेतवायची आणि ती पुढे व्यवहारात वळवायची. संचलनगीत, झेंडावंदनाचं गाणं, वीरांचे पुतळे या वर्गातले. तिसरी खुद्द कला, जिथे भावना आधी ठाऊक नसते. व्यक्त करता करताच ती काय आहे हे कलावंताला आणि आपल्याला कळतं. लक्षात घ्या, जादूला तो तुच्छ लेखत नाही. प्रत्येक समाजाला तिची गरज असते, असं तो स्पष्ट म्हणतो.

बैठकीत याचा उपयोग असा. समिती मागते आहे ते जादूचं चित्र, आणि ते मागण्यात गैर काही नाही. प्रदर्शनात तशी चित्रं असतीलच आणि असावीत. पण तुमच्या विद्यार्थिनीचं चित्र त्या जातीचं नाही, म्हणून त्याला त्या मापाने मोजू नये. ओळखायची खूण साधी आहे: चित्र काढण्याआधीच बघणाऱ्याला काय वाटायला हवं हे ठरलं होतं का? ठरलं असेल तर ते चित्र प्रभावी आहे की नाही एवढंच विचारा. ठरलं नसेल तर विचारायचं, पाहिल्यावर असं काय कळलं जे आधी कळत नव्हतं? कोपऱ्यात झेंडा घालण्याचा तोडगा फसतो तो इथे. जादूची खूण दुसऱ्या जातीच्या कामावर चिकटवली की दोन्ही मरतात. १९२ चौकोनांवर हळूहळू फिरणारी नजर त्या एका तेजस्वी कोपऱ्यावर जाऊन अडकते, बाकीचे १९१ पार्श्वभूमी होतात, आणि झेंडा कसला तर शिक्क्यासारखा, 'तपासले' म्हणून मारलेला. ही हरकत चित्रकलेची आहे, राजकारणाची नाही. ती तशीच मांडा.

आणखी एक साधन आपल्या घरातलंच आहे. शाकुंतलातलं ते हरीण आठवा: मान वळवून मागच्या रथाकडे पाहत पळणारं, दमून उघड्या राहिलेल्या तोंडातून अर्धवट चावलेलं गवत वाटेवर सांडणारं. रसाची मीमांसा करणारा काश्मीरचा अभिनवगुप्त विचारतो, इथे भीती कुणाची? हरणाची म्हणावी तर आपण हरीण नाही; आपली म्हणावी तर आपण उठून पळत नाही. ती स्थळकाळाच्या कुंपणातून सुटलेली नुसती भीती आहे, म्हणूनच तिचा आस्वाद घेता येतो. यालाच साधारणीकरण म्हणतात. रसाच्या आड येणारी सात विघ्नंही तो मोजून देतो, आणि त्यांत एक आहे 'देशकालविशेषावेश': हे माझं, ते परक्याचं, हे अमुक ठिकाणचं, याच विचाराने झपाटून जाणं. (इथला 'देश' म्हणजे स्थळ, राष्ट्र नव्हे. कोटी करायचा मोह होईल. समितीत संस्कृत जाणणारं कुणी असेल तर अंगाशी येईल.) म्हणजे 'यात देश कुठे' हाच विचार डोळ्यांवर चढला तर पाहणंच थांबतं, ही तक्रार काही पश्चिमेकडून उसनी आणावी लागत नाही.

पण त्याच यादीत आणखी एक विघ्न आहे: स्फुटत्वाभाव. जे दाखवायचं ते पुरेसं स्पष्टच नसणं. ते समितीच्या बाजूने जातं, आणि ते तुम्ही स्वतःहून मान्य करा. सामान्य प्रेक्षक दाराशी येईल, करडी जाळी बघेल आणि पुढे जाईल, ही त्यांची भीती खोटी नाही. एरवी अडून बसलेली माणसं आपली खरी हरकत कुणीतरी नीट शब्दांत मांडली की बरीच सैल होतात.

आता पर्याय. चित्र काढून टाकणं हा पहिला. तुमच्या निमंत्रणपत्रात 'चित्रात राष्ट्रीय प्रतीकं असावीत' अशी अट लिहिली होती का, ते तपासा. नसेल तर नंतर लावलेली अट ही अट नव्हे, आणि पुढच्या वर्षी मुलं आधीच घाबरून झेंडे काढतील. झेंडा घालण्याबद्दल वर लिहिलंच आहे. तिसरा पर्याय कुणीतरी नक्की सुचवेल, 'प्रायोगिक विभागात' लावू. म्हणजे जिन्याखाली, अग्निशामक नळकांड्याशेजारी. हे काढून टाकणंच आहे, फक्त सभ्य भाषेत. चौथा: चित्र मुख्य दालनात, जसं आहे तसं, मदतीसह. मी याच्या बाजूने आहे, आणि वॉशिंग्टनची तडजोड इथे कामी येते. चौथ्या सदस्यांना म्हणा, झेंड्याचं चित्र जरूर लावू, पण वेगळं, या चित्रापासून निदान दोन मीटरवर, आणि दोन्हींच्या मधे भिंत मोकळी ठेवू. बघणारा एकावरून दुसऱ्याकडे जाताना काय होतं ते त्याच्यावर सोडू.

मदत म्हणजे चित्राशेजारची पाटी, आणि तिच्याबद्दल जरा जास्त लिहिते, कारण बहुतेक प्रदर्शनं मार खातात ती तिथेच. पाटी चित्र उघडू शकते तशी मारूही शकते. जुलै १९३७ मध्ये म्युनिकमध्ये नाझींनी एका दिवसाच्या अंतराने दोन प्रदर्शनं भरवली. एक 'थोर जर्मन कले'चं, आणि दुसरं 'अधःपतित कले'चं, ज्यात ३२ संग्रहालयांतून जप्त केलेल्या साडेसहाशेच्या आसपास कलाकृती होत्या. दुसऱ्यातली चित्रं मुद्दाम दाटीवाटीने, वेडीवाकडी टांगली होती आणि भिंतींवर टवाळीची वाक्यं लिहिली होती. काहींखाली खरेदीची किंमत होती, तीही १९२३ च्या महागाईतल्या फुगलेल्या मार्कांत, खुलासा न करता. म्हणजे बघणाऱ्याला वाटावं, आपल्या करातून केवढी उधळपट्टी झाली! चित्राला हात न लावता नुसत्या टांगण्याने आणि पाटीने ते बदनाम करता येतं. त्याच वर्षी पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात स्पेनच्या सरकारी दालनात पिकासोचं 'गेर्निका', विमानांच्या बाँबहल्ल्यात उद्ध्वस्त झालेल्या गावावरचं चित्र, लागलं होतं: काळं, पांढरं आणि करडं, ना झेंडा ना विमान. १९८१ मध्ये ते स्पेनमध्ये आलं. करड्या रंगात देश मावत नाही असं कुणी म्हणालं तर एवढं पुरे.

तुमच्या पाटीसाठी मोजमाप असं. मजकूर पस्तीस ते सत्तर शब्द, त्याहून जास्त कुणी उभ्याने वाचत नाही. अक्षर अठरा ते चोवीस पॉइंट, पांढुरक्यावर काळं. चकचकीत कागद नको, दिव्याची तिरीप पडून वाचता येत नाही. पाटी चित्राच्या उजवीकडे, तिचा मध्य साधारण १३० सेंटिमीटरवर, म्हणजे चाकाच्या खुर्चीतूनही वाचता येईल. लिहिताना एकच कसोटी: प्रत्येक वाक्य बघणाऱ्याला चित्रावर पडताळून पाहता आलं पाहिजे. 'कलावंताला इथे एकात्मतेचा संदेश द्यायचा आहे' हे पडताळता येत नाही. असं वाक्य वाचलं की माणूस चित्राकडे न बघता मान हलवतो आणि पुढे जातो. मसुदा असा चालेल:

"हजेरी. कॅनव्हासवर अ‍ॅक्रिलिक, ९० × १२० सेंमी. १९२ चौकोन. काळा रंग कुठेही वापरलेला नाही. प्रत्येक करड्यात निळा आणि तपकिरी वेगळ्या प्रमाणात आहेत. आधी तीन पावलं मागे जा, मग जवळ या. सात चौकोन रंगवलेले नाहीत. तिथे कोरा कॅनव्हास आहे."

चित्रासमोर अडीच मीटरवर एक बाक ठेवा. बाक दिसला की माणूस बसतो, आणि बसला की पाहतो. पाटीहून बाक स्वस्त आणि जास्त परिणामकारक. उजेड अ‍ॅक्रिलिकला दीडशे-दोनशे लक्स (उजेड मोजायचं एकक) पुरे. शेजारी कागदावरची जलरंगाची चित्रं असतील तर त्यांच्यावर पन्नासच्या पुढे जाऊ नका, रंग उडतात. अभिप्रायवहीत 'आवडलं का?' हा रकाना नको. 'दुसऱ्यांदा पाहताना काय दिसलं?' एवढंच छापा.

बैठकीचा क्रम. चित्र पाहून झाल्यावर प्रत्येकाने कागदावर फक्त डोळ्यांना दिसलेलं लिहायचं, पाच ओळी, विशेषणं न वापरता. मग वाचन, सगळ्यांत कनिष्ठ सदस्यापासून. अध्यक्ष शेवटी बोलतील, कारण ते आधी बोलले की बाकीचे त्यांच्याच वाक्याला जोडून बोलतात. त्यानंतर अर्थ, आणि मत सगळ्यांत शेवटी. आपल्या बैठका नेमक्या उलट्या चालतात: मत आधी ठरतं, मग अर्थ शोधला जातो, आणि वर्णनापर्यंत कुणी पोचतच नाही. मतदानाआधी निकष तीन-चार ओळींत लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या आणि तेच सगळ्या चित्रांना लावा, झेंड्यांच्या चित्रांनासुद्धा. नाटकाची संहिता, भित्तिचित्राचा आराखडा किंवा स्मारकाची प्रतिकृती निवडणाऱ्यांनाही हाच क्रम चालेल. फक्त नाटक मोठ्याने वाचून घ्यावं आणि संगीत दोनदा ऐकावं, पहिल्या ऐकण्यावर मत घेऊ नये.

राहिला तुमचा पहिला प्रश्न, देण्याचा. आधी 'राष्ट्र' हा शब्द बघा. तुम्ही आणि समिती दोघंही तो असा वापरता की जणू ते कुठेतरी पूर्ण होऊन ठेवलेलं आहे आणि कलेने त्याचं चित्र काढावं किंवा काढू नये, एवढाच प्रश्न आहे. फिनलंडचं उदाहरण घ्या. एलियास ल्योनरोट या डॉक्टराने गावोगाव फिरून गाणी गोळा केली, आपल्या हाताने त्यांची एक सलग कथा ओवली आणि १८३५ मध्ये 'कालेवाला' छापलं. १८४९ च्या वाढवलेल्या आवृत्तीत पन्नास सर्ग आहेत. तेव्हा फिनलंड रशियन साम्राज्यात होता. स्वातंत्र्य आलं १९१७ मध्ये. आपण एक लोक आहोत, आपली भाषा मोठं काही पेलू शकते, ही समज त्या काव्यातून बऱ्याच अंशी घडली. देश आधी आणि काव्य मागून, असा क्रम तिथे नव्हता. तेव्हा कला राष्ट्राचं देणं लागते का, या प्रश्नाला माझं उत्तर 'हो', पण समिती समजते त्या नाण्यात नाही. ती प्रतिमा देणं लागत नाही. ती लक्ष देणं लागते: ज्याच्याकडे सगळे मिळून बघायला विसरलो त्याच्याकडे बघायला लावणं. ते तिने केलं नाही तर समितीने तिला जाब जरूर विचारावा. सुंदर, गुळगुळीत, कुणालाच कुठेही न अडवणाऱ्या चित्रांनाही तो विचारावा, इतकंच.

विद्यार्थिनीबद्दल दोन गोष्टी. तिच्याकडून 'हे चित्र देशप्रेमाचं आहे' असं निवेदन लिहून घेऊ नका. दबावाखाली लिहिलेलं निवेदन तिला पुढची अनेक वर्षं चिकटेल, आणि प्रत्येक नव्या चित्राआधी ती निवेदन सुचतंय का ते बघेल. तांत्रिक प्रश्न मात्र मनसोक्त विचारा: चौकोनांच्या कडा पट्टी लावून केल्या की हाताने, मिश्रण रोज नवं केलं की एकदाच, कोरे चौकोन आधी ठरले होते की शेवटी राहिले. ती उत्तरं लिहून ठेवा, पाटीला लागतील. आणि नवा फोटो काढा, चित्राशेजारी पांढरा कागद धरून, श्वेतसंतुलन हाताने लावून. तो संदेशातून न पाठवता मूळ फाइल द्या.

बैठकीत कुणी विचारलं की ते सात कोण, तर तुम्ही उत्तर देऊ नका. तिलाही द्यायला लावू नका. इतिवृत्तात तो प्रश्न मात्र जसाच्या तसा नोंदवा, 'यात देश कुठे आहे' या मागच्या प्रश्नाच्या खाली.